सपाट माथ्याचा डोंगर

जुन्नरच्या पेठेत अमृतलाल शेठांचं दुकान कुणाला विचारत जावं लागायचं नाही. कासरा, दावं, घुंगरमाळ, सुतळी, दिवाळीला रांगोळी, पोळ्याला हिंगूळ आणि बेगड, असं शेतकऱ्याला वर्षभर जे लागतं ते सगळं त्या चिंचोळ्या दुकानात मिळायचं. जे मिळायचं नाही, ते आपल्याला लागतच नव्हतं असं गिऱ्हाइकाला पटवून देण्याची हातोटी शेठांपाशी होती. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच होऊन गेले. आता त्या घरात मारवाडी बोली निघायची ती लग्नात किंवा भांडणात, एरवी सगळा कारभार मराठीत.

या घरात चेतना सून म्हणून आली ती नोकरीसकट. घोडेगावची मुलगी, डी.एड. झालेली, प्राथमिक शाळेत शिकवणारी. भाऊबंदांनी शेठांना टोमणे मारायला कमी केलं नाही. "शेठ, दुकान चालत नाही का, सुनेला कामाला धाडलं?" शेठ हसून घ्यायचे. आपली सून मास्तरीण आहे याचा त्यांना मनातून भारी अभिमान होता, फक्त तो त्यांनी कधी सुनेला कळू दिला नव्हता. म्हणून तिने एके दिवशी राजीनामा दिला आणि वर नातीचंही नाव शाळेतून काढून आणलं, तेव्हा शेठांना दुहेरी फटका बसला.

त्याचं असं झालं. नात राखी तेव्हा चौथीत होती. चित्रकलेच्या तासाला बाईंनी निसर्गचित्र काढायला सांगितलं. निसर्गचित्र म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. दोन टोकदार त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठाला झोपडी, झोपडीला टेकून नारळाचं झाड आणि आभाळात बरोबरच्या खुणांसारखे पक्षी. जुन्नरात समुद्र नाही, नारळाचं झाड औषधालाही सापडायचं नाही. आणि आमच्याकडचे डोंगर बघावेत तर बहुतेक सगळे वरून सपाट, सुरीने भाकरीचा काठ कापावा तसे. शाळेच्या खिडकीतून शिवनेरी अख्खा दिसतो. तरी खिडकीकडे पाठ करून पोरं पिढ्यान्‌पिढ्या टोकदार डोंगर काढत आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

राखीने मात्र खिडकीतून बघितलं आणि दिसला तसा सपाट डोंगर काढला. बाईंनी तो कागद वर्गाला उंच धरून दाखवला. "या डोंगराचं डोकं कुणी उडवलं गं?" सगळा वर्ग खो खो हसला. बाई वाईट नव्हत्या, त्यांना ती गंमतच वाटली. "बोल की, कुणी उडवलं?" राखी उभी राहिली आणि उभीच राहिली. बोलली नाही.

शेजारच्या वर्गात चेतना तिसरीला शिकवत होती. भिंतीपलीकडचं हसू ऐकून तिलाही हसू आलं. आणि त्या वेळी ती फळ्यावर काय काढत होती? दोन त्रिकोण, आणि त्यांच्यामध्ये अर्धा सूर्य.

त्या दिवसापासून राखीचं बोलणं आटत गेलं. आधी शाळेत बंद झालं, मग गल्लीत, मग पाहुण्यांसमोर. शेवटी घरातही ती फक्त आईच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची, तेही घरात कुणी नसलं तर. नारायणगावच्या डॉक्टरांनी घसा तपासला आणि घशाला काही झालेलं नाही म्हणाले. शाळेत मात्र "राखी मुकी झाली" असं पोरं वर्गाच्या दारात उभी राहून ओरडू लागली. चेतनाने ते एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा हातातला खडू ठेवला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाली.

"घरातच शिकवायची तर सरकारनं शाळा कशाला बांधल्या?" शेठ कडाडले. "लोक काय म्हणतील? मास्तरणीची पोरगी बिनशाळेची?"

"पप्पाजी, मी शिकवते ना तिला. मला येतं ते."

"शिकवशील गं. पण बोलायला कोण शिकवणार? पोरीची जात आहे. चार लोकांत तोंड उघडलं नाही तर पुढं कसं व्हायचं?"

बोलून बोलून एक गोष्ट ठरली. दिवाळीपर्यंत राखी घरी राहील. तोवर ती चार लोकांत बोलायला लागली तर ठीक. नाही तर दिवाळीनंतर राजस्थानातल्या पालीकडच्या मुलींच्या वसतिगृहात जाईल. तिथे शेठांची चुलत बहीण होती आणि तिथे बोलल्यावाचून ताटात पोळी पडायची नाही, असं शेठांचं म्हणणं. शेठ दुष्ट नव्हते. नातीवर त्यांचा जीव होता आणि तो असाच बाहेर पडायचा. चेतनाला मात्र पक्कं ठाऊक होतं की ही पोरगी तिकडे गेली तर आहे तेवढाही आवाज गमावून बसेल. नवरा विपुल दुकानाचा टेम्पो चालवायचा. तो बापापुढे बोलायचा नाही, पण त्याने दुकानावरची माडी गोण्या हलवून मोकळी करून दिली. त्याच्या परीने ते भाषणच होतं.

माडीवर मायलेकींची शाळा सुरू झाली. राखी तराजूवर वजनं ठेवून गणितं करायची आणि मालाच्या गोण्यांवरची गावांची नावं वाचून भूगोल शिकायची. डोकं तल्लख होतं, तोंड तेवढं बंद. चेतनाच्या लक्षात आलं की हिला धडे नकोत, हिला पोरं हवीत, आणि पोरांत बसून न बोलता करण्यासारखं हिला एकच येतं. मग तिने पुठ्ठ्यावर पाटी लिहिली, ‘बालचित्रकला वर्ग’, आणि दुकानाच्या जिन्यापाशी लावली.

पहिला आला पिंटू. समोरच्या एसटीडी बूथवाल्या शीलावहिनींचा मुलगा, राखीच्याच वयाचा. याचं तोंड म्हणजे गावजत्रेतला भोंगा, एकदा चालू झाला की वीज गेल्याशिवाय थांबायचा नाही. शीलावहिनींनी त्याला वर्गात घातला तो चित्रकलेच्या ओढीने नव्हे, तर दुपारची झोप मिळावी म्हणून. त्याच्या पाठोपाठ पेठेतली, माळीवाड्यातली आणखी पोरं आली.

चेतनाची पद्धत ठरलेली होती. पहिल्या दिवशी निसर्गचित्र काढायचं. सगळ्यांनी काढलं. सगळ्यांचं एकसारखं, कार्बन पेपर लावून काढल्यासारखं. मग तिने सगळ्यांना माडीच्या खिडकीशी उभं केलं.

"तो समोर काय दिसतो?"

"शिवनेरी!"

"त्याला टोक कुठं आहे?"

पोरं बघत राहिली. टोक कुठेच नव्हतं. पिंटूने तर कागद उलटासुलटा करून बघितला. "आयला, बाई, खरंच की! मग आपण टोक काढतो ते कुणाचं?"

चेतनाला हसू आलं. "तेच तर मलाही कळेना. अरे, मीसुद्धा इतकी वर्षं टोकच शिकवत होते." आणि तिने वर्गाचा एकच नियम सांगितला. आधी बघायचं, मग काढायचं. जे बघितलं नाही ते काढायचं नाही.

माडीवर मग मजा सुरू झाली. कागद महाग, म्हणून साखरेच्या गोण्यांतले जाड कागद आले. रंग दुकानातलेच, म्हणजे गेरू, नीळ, हळद आणि काजळी, बांधायला डिंकाचं पाणी. नीळ आणि हळद एकत्र केली की हिरवा होतो, हे राखीने शोधून काढलं. शोधलं तिने आणि पेठभर सांगत सुटला पिंटू. दोघांचं तसं जमूनच गेलं. राखी बोटाने दाखवायची, भुवया उंचवायची, आणि पिंटू जाहीर करायचा, "राखी म्हणती, कड्याला काळा लावा." त्याला ते कसं कळायचं देव जाणे, पण बरोबर कळायचं. पोरंही तिला मुकी म्हणत नव्हती, कारण सगळ्यांत चांगला डोंगर तीच काढायची. चेतनाला आशा वाटू लागली होती.

आणि मग शाळेत सहामाहीच्या आधीची चाचणी झाली. चित्रकलेला निसर्गचित्र आलं, पिंटूने छाती काढून सपाट डोंगर काढला आणि त्याला भोपळा मिळाला.

शीलावहिनी जिना दणाणत वर आल्या. "बाई, माझं पोरगं डोंगर बरा काढत व्हतं. तुमी बिघडवला!"

"वहिनी, जरा खिडकीतून बघा. डोंगर असाच आहे की नाही?"

"डोंगर बघाया मला येळ न्हाई. मार्क बघाया हाय." त्यांनी पिंटूचा दंड धरला. "सगळं जग टोक काढतंय आन तुमी एकट्याच शान्या! आधी सोताच्या पोरीला बोलाया शिकवा, मग आमच्या पोरान्ला चित्रं शिकवा."

राखी कोपऱ्यात बसली होती. तिने ब्रश पाण्यात बुडवला आणि तो तसाच बुडवून धरला. शीलावहिनी गेल्या, आणि पेठेत एकीचं पोर गेलं की दुसरीचं राहत नाही. बघता बघता माडी रिकामी झाली. पाटी तेवढी जिन्यापाशी लटकत राहिली.

शेठ सुनेला टाकून बोलले नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं, एक पत्र्याची ट्रंक आणली. चांगली, मजबूत, पितळी कडीची. पेंटरकडून झाकणावर पांढऱ्या अक्षरांत ‘राखी विपुल’ असं लिहूनही घेतलं आणि ती दुकानाच्या मागच्या खोलीत, येता-जाता दिसेल अशी ठेवली. राखी तिच्यापाशी गेली, नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि रात्री आईच्या कानाला लागून तिने एवढंच विचारलं, "तिकडे डोंगर आहेत का?"

चेतनाने पोरीला जवळ ओढलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

भाद्रपदाची अमावस्या उद्यावर आली. आमच्याकडे बैलपोळा भाद्रपदातला, आणि पोळ्याचा आदला दिवस म्हणजे शेठांच्या दुकानाची दिवाळी. गोंडे, माळा, मोरक्या, बेगड यांना हात पुरत नव्हते. त्या गर्दीतून डिंगोऱ्याचा संपत पुढे आला. चांगला बागाईतदार, शेठांचं बापजाद्यापासूनचं गिऱ्हाईक, आणि शीलावहिनींचा सख्खा भाऊ.

"शेठ, आवंदा आमची फजिती झाली बगा. बैलं रंगवणारा पेंटर आळेफाट्याला हाटेलाच्या पाट्या रंगवाया गेला तो आलाच न्हाई. आन यंदा मंडळानं सजावटीची शर्यत लावलीया."

"मग माझ्याकडं पेंटर कुठनं आणू भाऊ? हिंगूळ देतो, बेगड देतो."

"तसं न्हाई. आमचा भाचा म्हनतो, तुमच्या सूनबाई आन नात लई झ्याक रंगवत्यात. उंद्या सकाळी धाडा की. आन तुमी बी या जेवाया."

शेठांची मोठी पंचाईत झाली. सून आणि नात गोठ्यात बैल रंगवायला गेल्या तर भाऊबंद काय म्हणतील? पण भर गर्दीत, सणासुदीला, जुन्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं? शेठांनी आयुष्यात ते कधी केलं नव्हतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "येतील. पण एक सांगतो संपतभाऊ. मुक्या जनावराच्या अंगाला ऑइलपेंट लागणार नाही. जीव आहे त्याला. गेरू, नीळ, हळद, एवढंच."

"तुमचा शबूद परमान," संपत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विपुलच्या टेम्पोतून मंडळी डिंगोऱ्याला निघाली. चेतना आणि राखी पुढे, शेठ मागे खुर्ची टाकून, लग्नाला निघाल्यासारखे. पोरगी लोकांच्या घोळक्यात बावरेल, पळेल, आणि मग ट्रंकेशिवाय काही उरणार नाही, हाच घोर चेतनाच्या मनाला लागला होता. संपतच्या अंगणात पोचले तेव्हा पिंटू आधीच हजर होता. सणाला मामाकडे आलेला. आई माजघरात पुरण वाटत होती, तिला पत्ताच नव्हता की हा सगळा उद्योग आपल्या लेकानेच करून ठेवलाय.

बैल धुऊन बांधले होते. हरण्या आणि पाखऱ्या, पांढरीशुभ्र खिलारी जोडी. राखी हरण्यासमोर उभी राहिली. बैलाने तिच्याकडे बघितलं, तिने बैलाकडे. मग ती वळली आणि गावामागच्या डोंगराकडे बघत राहिली. लांबच लांब पसरलेला डोंगर, वर सपाट, एका अंगाला काळा कडा तुटलेला, मध्ये खिंड, आणि पावसाळा सरत आला तरी कपारीतून पाण्याची पांढरी रेघ लोंबत होती.

"राखी म्हणती, क्रेट द्या उभं ऱ्हायाला," पिंटूने जाहीर केलं.

टोमॅटोचा क्रेट उलटा घालून राखी त्यावर चढली. चेतना नीळ आणि हळद कालवून देत होती, काजळी घोटत होती. बैलाच्या पाठीची रेघ तीच डोंगराची रेघ. वशिंडाच्या उतारावर कडा आला, पोटावर हिरवी रानं उतरली, मागच्या फऱ्यावर खिंड. हरण्याने कातडी थरथरवली की राखी ब्रश उचलून थांबायची, त्याचं थरथरणं संपलं की पुन्हा टेकवायची. एक अंग झाल्यावर क्रेट पलीकडे नेला आणि दुसरं अंग घेतलं. तिकडे तिने काय काढलं ते तिकडे गेल्यावाचून कुणाला दिसलं नाही.

दुपार झाली. माजघरातून हाक आली आणि पिंटू पुरणपोळीच्या वासावर पळाला. चेतना अंगणाच्या टोकाला हौदावर वाट्या धुवायला गेली. अंगणात मिरवणुकीसाठी गावची माणसं जमायला लागली होती. शेठ ओसरीवर बाजेवर बसून संपतशी बाजारभावाच्या गप्पा मारत होते.

तेवढ्यात संपतचे चुलते चिमाजीतात्या आले. पोळ्याच्या सजावटीत गावात त्यांच्यापुढे कुणाचा शब्द चालत नसे. त्यांनी अलीकडूनच हरण्याकडे मान तिरकी करून बघितलं आणि जिभेने च्‌ च्‌ केलं.

"पोरीनं मेहनत लई केली राव. पण डोंगराची टोकंच ऱ्हायली की. आन सूर्व्या बी न्हाई. लेकरूच ते, दमलं आसंल. आना, मी पुरं करतो." आणि त्यांनी मोठ्या मायेने ब्रश गेरूत बुडवला.

हौदावरून चेतनाने ते पाहिलं. तिथून ओरडावं तर पाहुण्याच्या घरी, सणाच्या दिवशी, एवढ्या वडील माणसावर ओरडायचं कसं? हातातली वाटी टाकून ती धावली. पण गर्दी मध्ये आली आणि तात्यांचा ब्रश वशिंडापाशी पोचलासुद्धा.

"ओ तात्या! हात नका लावू!"

सगळं अंगण एकदम थबकलं.

"डोंगराला टोक न्हाई! लावाल तर बघा! वर बघा की जरा!"

ओसरीवर शेठांनी बोलणं तोडलं. "कुणाची पोरगी हो ही, संपतभाऊ? लई तोंडाळ दिसते."

संपत तोंड उघडं ठेवून बघत होता. शेठांनी मान वळवली. क्रेटवर त्यांची नात उभी होती, एक हात बैलाच्या पाठीवर आणि दुसरा हात थेट डोंगराकडे, गालाला नीळ लागलेली. महिनोन्‌महिने जो आवाज ऐकायला ते कानांत प्राण आणून बसले होते, तो ऐकला आणि त्यांना ओळखूच आला नाही. आता ओळखला. शेठ बाजेवरून उठले, दोन पावलं पुढे आले आणि खांबाला धरून उभे राहिले.

चिमाजीतात्यांनी वर बघितलं. त्यांच्याबरोबर सगळ्या अंगणाने वर बघितलं. बाया माजघरातून हात पुसत बाहेर आल्या, त्यांनीही बघितलं. ज्या डोंगराखाली सगळ्यांच्या हयाती गेल्या, त्याच्याकडे बहुधा पहिल्यांदाच सगळं गाव एका वेळी बघत होतं.

"आयला," तात्या हळूच म्हणाले. "ह्याच्यावर मी जल्मभर गुरं चारली. ह्याला टोक न्हाईच की."

"ती बघ, ती बघ, आपली गुरांची वाट!" कुणीतरी बैलाच्या पोटावर बोट दाखवलं. "आन ती कपारीतली धार! पोरीनं धार बी सोडली न्हाई!" मग एकच गलका उडाला. जो तो बैलावर आपलं रान शोधायला लागला, आणि हरण्या शहाण्यासारखा उभा राहून सगळ्यांना शोधू देत होता.

तात्यांनी ब्रश खाली ठेवला. "बरं बाय, टोक न्हाई तर न्हाई. पन सूर्व्या? पोळ्याच्या बैलावर सूर्व्या नगं व्हय?"

"हाय की," राखी म्हणाली. तिला आता थांबायचंच नव्हतं. "तो डोंगराच्या मधनं येत न्हाई, आमी सकाळी येताना बघितला. तो तिकडच्या अंगाला येतो. इकडं काढलाय. इकडं येऊन बघा!"

आणि गावात ज्यांचा शब्द खाली पडत नसे ते चिमाजीतात्या मुकाट्याने बैलाला वळसा घालून पलीकडे गेले. तिकडे शेतं होती, आणि शेतांच्या वर, कुठल्याही डोंगरात न अडकलेला, हळदीचा पूर्ण गोल सूर्य.

चेतना गर्दीतून पुढे पोचली होती. तिला रडू फुटलं आणि ते तिने पुसलंही नाही. एवढ्या लोकांत, उभ्या अंगणात, तिची पोरगी बोलली होती, आणि बोलली होती ती पिंटूच्या भाषेत. आठवडेच्या आठवडे ज्याने तिच्या वतीने बोलून घेतलं, त्याची सगळी बोली तिने आत साठवून ठेवली होती.

पिंटू तूप लागल्या हातांनी पळत बाहेर आला. "काय झालं? राखी काय म्हणती?"

"राखीलाच विचार," चेतना म्हणाली.

मिरवणुकीची वेळ झाली तसा संपतने मुंबईहून आणलेली भरजरी झूल उचलली. हरण्यावर टाकणार तोच थांबला. त्याने झुलीकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं आणि झूल खुंटीला अडकवून आला. डिंगोऱ्याच्या वेशीतून त्या दिवशी पहिल्यांदाच बिनझुलीचा बैल निघाला. पुढे हलगी-सनई, शिंगांना हिंगूळ, बेगडाचा लखलखाट, आणि मधोमध गावचा डोंगर अंगावर घेऊन चाललेला हरण्या. शर्यतीत पहिला नंबर सरपंचांच्या बैलांना मिळाला. तो दरवर्षी त्यांनाच मिळतो, मग मंडळ कुणाचंही असो. पण फोटोवाल्याला विचाराल तर त्याने सगळा रोल हरण्यावरच संपवला.

वेशीपाशी शीलावहिनी चेतनाच्या जवळ आल्या. डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला. "बाई, मी लई टाकून बोलले तुमाला. माहेरचा डोंगर, आन मी बी कदी बघितला न्हवता नीट." मग जरा थांबून, "पिंट्याला उद्यापास्नं धाडते. पर शाळेत मार्कांचं कसं?"

"शाळेत दोन टोकं काढू दे त्याला, सोपं आहे ते," चेतना म्हणाली. "माझ्याकडं डोंगर काढू दे."

परतताना टेम्पोत राखी बोलत होती. हरण्याची कातडी कशी हलते, तात्यांचा चेहरा कसा झाला, नीळ जास्त झाली तर काय होतं. विपुलने टेम्पो एरवीपेक्षा हळू चालवला. शेठ मागे खुर्चीत बसून होते आणि काचेला कान लावून होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माडीचा जिना पोरांच्या चपलांनी भरून गेला. आधीची सगळी आली, शिवाय नवी. डिंगोऱ्याहूनही एसटीने दोन पोरं आली होती, चिमाजीतात्यांनी धाडलेली. चेतना त्यांना पहिल्या दिवशीचं निसर्गचित्र काढायला सांगत होती आणि दोन्ही पोरं अगदी मन लावून टोकं काढत होती. एवढ्यात जिन्यावर धडपड ऐकू आली. शेठ स्वतः ट्रंक डोक्यावर घेऊन वर येत होते. गडी दुकानात होता, मुलगा होता, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

ट्रंक पाहून चेतना झटकन राखीच्या जवळ जाऊन उभी राहिली. शेठांनी ट्रंक खिडकीखाली ठेवली, घाम पुसला, झाकण उघडलं. आत कपडे नव्हते. गेरूचे पुडे होते, निळीच्या डब्या, हळद, डिंक, ब्रशांची जुडी आणि पांढऱ्या कोऱ्या कागदांचं अख्खं रीम.

"पोरांचे रंग इकडंतिकडं पडतात," ते सुनेकडे न बघता म्हणाले. "एका जागी राहतील. चांगली ट्रंक आहे. आता दिवाळीनंतर नुसती पडून राहिली असती."

बोलली ती राखीच. तिने कागदावरून मान वर केली आणि भर वर्गात खणखणीत सांगितलं, "दादाजी, ट्रंक खिडकीत नका ठेवू. डोंगर दिसत नाही."

शेठांनी ट्रंक बाजूला सरकवली. खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं, पण ते खाली गेले नाहीत. नात आणखी काही बोलेल म्हणून तिथेच उभे राहिले.